चिंतामणचा डोळा चुकला नव्हता

चार दिवसांपूर्वी तुझी तेरवी झाली, चिंतामण. अंगणात पंगत बसली होती आणि माझ्या शेजारी तुमच्या जिनिंगातला कापसाच्या गाठी बांधणारा रामभाऊ होता. वाढणाऱ्याला हातानं थांबवून तो मला म्हणाला, "भला माणूस होता, गुरुजी. पण शेवटी डोये गेल्ते बिचाऱ्याचे. म्हणून तं पारखीची खुर्ची सोडून वजनकाट्यावर जाऊन बसला. नाई तं कापूस पाहणारा असा माणूस या भागात नोता."

समोरच्या दोघांनी मान हलवली. मी वरणभात कालवत राहिलो.

तुझे डोळे गेले नव्हते. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत त्यांना काही झालेलं नव्हतं. ही गोष्ट मला एकट्याला माहीत होती आणि मी ती ना त्या पंगतीत बोललो, ना तू असताना तुझ्याजवळ. आता लिहितो आहे. तू ऐकणार नाहीस हे मला कळतं. जन्मभर पोरांना पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस आहे मी. पण दुसऱ्या कुणाला उद्देशून लिहायला घेतलं की पहिल्याच ओळीत स्वतःची बाजू मांडायला लागतो. तुझ्यासमोर ते जमत नाही. तू लगेच "मास्तर, मुद्द्यावर ये" म्हणशील.

मुद्द्यावर येतो.

देवळीच्या शाळेत आपण चौथीपर्यंत शेजारी बसलो. नंतर मी मामाकडे नागपूरला शिकायला गेलो आणि तू पुलगावला जिनिंगात लागलास. मी वर्ध्याच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो, तू होता होता कापसाचा पारखी. नाचणगावात घर केलंस. मधली तीस-पस्तीस वर्षं लग्नकार्यात भेट व्हायची, तेवढीच. मग मी निवृत्त झालो, पुढच्याच वर्षी माझी सुशीला गेली, आणि रविवारचा दिवस कसा घालवायचा हे मला कळेनासं झालं.

त्या रिकामपणात मी परदेशातल्या एका वेधशाळेला पत्र लिहिलं आणि दोन छायाचित्रं मागवली. उत्तर येईल अशी आशा नव्हती. चार महिन्यांनी जाड पुठ्ठ्याच्या पाकिटातून दोन्ही आली. आकाशाचा एकच तुकडा. एकदा निळा प्रकाश टिपणाऱ्या फोटोच्या काचेवर घेतलेला, एकदा लाल. कागदावर दोन्ही काळेपांढरेच. एका बाजूला देवयानी ही भली मोठी दीर्घिका, आणि तिच्याजवळ एक लहान, लंबगोल, कोंबडीच्या अंड्यासारखी. त्या लंबगोल दीर्घिकेतले तारे मला मोजायचे होते. पण दहा मिनिटांत माझे डोळे पाणावायचे. सकाळी मोजलेले दोनशे दुपारी दोनशे चाळीस व्हायचे. तेव्हा मला तू आठवलास.

तुझी ती पारखीची खोली मी पहिल्यांदा पाहिली. मोठं थोरलं टेबल, त्यावर कापसाच्या नमुन्यांच्या पेट्या, आणि उत्तरेच्या भिंतीत हातभर नव्हे, चांगली माणूसभर उंच खिडकी. बाकी सगळ्या खिडक्या तू कागद लावून बंद केल्या होत्यास. मी विचारलं तर म्हणालास, "उन्हात सगळाच माल गोरा दिसते. उत्तरेचा उजेड सकाळी नऊपासून बारापर्यंत एकसारखा राह्यते. तेवढ्यातच पाह्याचं, मंग उठून जायचं."

मी पाकीट टेबलावर ठेवलं.

"हे काय आणलं?"

"तारे आणले आहेत."

"दिवसा?"

"फोटो आहेत रे."

"मंग ठीक. मले वाटलं, रिटायर होऊन मास्तरच्या डोक्यावर परिणाम झाला."

मी तुला सांगितलं, की या लहान दीर्घिकेत कोट्यवधी तारे आहेत, पण इतके दूर, की आजवर ती सांडलेल्या दुधाच्या थेंबासारखी दिसायची. एकही तारा सुटा दिसत नसे. मग कुणीतरी लाल प्रकाश टिपणाऱ्या काचेवर फोटो घेतला आणि तो थेंब रव्यासारखा दाणेदार निघाला. तो एकेक दाणा म्हणजे म्हातारा होऊन फुगलेला लाल तारा. मला चौकोन आखून दाणे मोजायचे आहेत, मध्याकडे किती, कडेला किती.

तू भिंग न घेता फोटोवर वाकलास. मग म्हणालास, "हे तं कापसातली पत्ती-काडी मोजल्यासारखं हाय. येजो रविवारी."

ते दोन हिवाळे, चिंतामण. त्यांच्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले. सकाळच्या गाडीनं वर्ध्याहून निघायचं, पुलगावला उतरून तुझ्या खोलीत यायचं, तू मोजणार आणि मी लिहून घेणार. बारा वाजले की तू फोटो झाकायचास, मग कितीही थोडं काम उरलेलं असो. नंतर तुझ्या घरी वहिनींच्या हातची भाकर आणि वांग्याची भाजी. सुशीला गेल्यापासून मी कुणाच्या समोर बसून जेवलो नव्हतो. तुला ते ठाऊक होतं. "खाय लेका, तारे मोजाले ताकद लागते," असं म्हणून तू माझ्या ताटात दुसरी भाकर टाकायचास.

त्या दीर्घिकेला तू पहिल्याच दिवशी 'लहानी' म्हणायला लागलास. मी तुला सांगितलं, की लहानीत आता नवे तारे जन्मत नाहीत, आहेत ते सगळे जुने. तेव्हा तू म्हणालास, "काऊन? जन्माले काय झालं?"

"नवा तारा घडायला वायू लागतो, धूळ लागते. तिच्याजवळ ते उरलेलं नाही."

"कुठी गेलं?"

"ते अजून कुणाला माहीत नाही."

"मंग तुमाले माहीत काय हाय?" असं म्हणून तू वहिनींना हाक मारलीस. "ऐकलं काय वो? एवढं मोठं गाव, अन् एक बी लेकरू नाई. सारे म्हातारेच. अन् मास्तरले इचारलं काऊन, तं म्हणते माहीत नाई." हा वाद आपला मिटलाच नाही. वायू गेला कुठे हे मी तुला सांगू शकलो नाही, आणि तू दर रविवारी एकदा तरी विचारल्याशिवाय राहिला नाहीस.

आता खरी गोष्ट.

मोजणी संपत आली तसा तू मोजण्याच्या पलीकडे पाहू लागलास. पुलगावच्या फोटोवाल्याकडून तू फोटोच्या कागदाच्या पाच पट्ट्या करवून आणल्यास, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकेक पायरी. कापसाच्या नमुन्याच्या पेटीशी माल लावून पाहतात तशा त्या तुला फोटोशी लावून पाहायच्या होत्या. मी म्हटलं, पट्ट्यांवर आकडे घाल. तू म्हणालास, "आकडे माह्या ध्यानात राहत नाई. गाव राह्यते." मग सगळ्यात पांढरी पट्टी आर्वी, तिच्यानंतर नाचणगाव, मग देवळी, मग सिंदी आणि सगळ्यात काळी हिंगणघाट.

"हिंगणघाटचा कापूस नावाजलेला, आणि तू त्याला काळा ठरवतोस?"

"माहा साडू राह्यते तिथं."

संक्रांत होऊन गेली होती. वहिनींनी डब्यात तिळगूळ दिला होता, तो टेबलाच्या कोपऱ्यावर होता. तू मला खांद्याला धरून फोटोंपुढे उभं केलंस.

"इकडं पाय. देवयानीच्या भवताल हे बारीक गोल ठिपके. हे काय म्हणतलं होतं तू?"

"तारकागुच्छ. लाखभर जुन्या ताऱ्यांचे चेंडू."

"अन् लहानीत बी तेच जुने तारे."

"तेच. एकाच जातीचे."

"मंग पाय. निळ्या फोटोत ठिपके देवळी, लहानीची कड बी देवळी. बरोबर? आता लालवर ये. ठिपके झाले नाचणगाव. अन् लहानी?" तू आर्वीची पट्टी सरकवत आणून कडेला टेकवलीस. "पुरी आर्वी नाई म्हणत मी. पण हे नाचणगाव नोहे. लहानी लालमंदी जास्त उजळून राह्यली. तिच्यात लाल माल जास्त हाय. हे दोन्ही एका शेतातले नाई, मास्तर. बियाणंच येगळं हाय."

मला तू काय म्हणतो आहेस ते पुरतं कळलं. त्या वेळी सगळी पुस्तकं सांगत होती, की लंबगोल दीर्घिकेतले तारे आणि गुच्छातले तारे एकाच घराण्याचे. तू म्हणत होतास, नाहीत.

मी म्हटलं, "पुस्तकात दोन्ही एकच म्हटले आहेत."

"पुस्तकवाल्यानं दोन्ही शेजारी ठेवून पाह्यले काय?"

"मोठमोठ्या दुर्बिणी घेऊन बसलेली माणसं आहेत ती, चिंतामण."

"बसू दे ना बे. मी काय त्यायची दुर्बीण मागून राह्यलो? उजेडच पाहून राह्यलो."

"कागदावर छापताना फरक पडतो."

"पडला तं दोघायले पडन. दोघं एकाच कागदावर हाये."

उत्तर नसलं की मास्तराला राग येतो. मी म्हणालो, "डोळा म्हणजे उपकरण नव्हे."

तू तिळगुळाचा खडा तोंडात टाकलास. "मंग माह्या डोयावर एवढे साल कापूस इकून राह्यले लोक, ते कायचं उपकरण हाय?"

तू चिडला नाहीस. उलट स्वतःलाच तपासायला घेतलंस. पट्ट्यांची नावं मागच्या बाजूला लिहायला लावलीस, मला त्या पिसून द्यायला लावल्यास, आणि सहा वेगवेगळ्या रविवारी तू न बघता उचललेल्या पट्ट्या फोटोंना लावून पाहिल्यास. सहाही वेळा तेच आलं. मग तू सांगितलंस आणि मी एका स्वतंत्र कागदावर ते सगळं लिहिलं. खाली तू सही केलीस, चौथीत करायचास तशी, प्रत्येक अक्षर सुटं.

नागपूरच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना मी आपल्या मोजणीचं टिपण पाठवणार होतो. त्यासोबत तुझा कागद जायचा होता. मी पाकिटात टिपण घातलं. तुझा कागद हातात घेतला, दोनदा वाचला, आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. आर्वी, देवळी, नाचणगाव असं लिहिलेला कागद प्राध्यापकांनी पाहिला तर ते मला हसतील, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

त्यांचं कार्ड आलं. मोजणी नेटकी आहे, अपेक्षेप्रमाणे आहे, एवढंच होतं त्यात. तुझ्याबद्दल असणार कसं?

जिनिंगाच्या फाटकाशी तू मला गाठलंस. हंगाम संपूनही तुझ्या खांद्यावर, केसात, भुवयांवर अजून रुई होती. "आलं काय उत्तर? माह्या गोष्टीचं काय म्हणतात?"

पाठवायला विसरलो, असं म्हणता आलं असतं. पाठवलं नाही, असंही म्हणता आलं असतं. तू शिव्या दिल्या असत्यास आणि पुढच्या गाडीला मला नागपूरला पिटाळलं असतंस. मी म्हणालो, "म्हणतात, डोळ्याचा दोष आहे. वयानं होतं असं."

"असं म्हणतात?"

"असं म्हणतात."

तू भुवयांवरची रुई झटकलीस. "मोठा माणूस हाय. पाहूनच म्हणत असन," म्हणालास, आणि मला चहा पाजायला घेऊन गेलास. मला वाटलं, वाद मिटला.

कार्तिकात नवा हंगाम लागला तेव्हा तू मालकांपुढे जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास, माझ्या डोळ्यात वयाचा दोष आला आहे, मला पारखीवरून काढा. ते हसले म्हणे. तू हट्ट धरलास. तुझ्या खुर्चीवर एक तरणा माणूस आला आणि तू फाटकाजवळच्या काट्यावर गाड्यांचं वजन लिहायला बसलास. मला हे महिन्याभरानं कळलं. वहिनींनीच सांगितलं, भाकर वाढता वाढता. तू मान खाली घालून जेवत होतास. मी म्हणालो, "काटा बरा. बसून काम आहे." हे माझं वाक्य, चिंतामण. मला ते अक्षरन् अक्षर आठवतं.

त्यानंतर तू फोटो पाहिले नाहीस. मी पाकीट आणायचो, तू म्हणायचास, "तूच पाय. माह्या डोयाचा भरवसा नाई." मग मी पाकीट आणणं सोडलं. पुढची काही वर्षं आपण नुसते जेवायचो.

या वर्षी पावसाळ्याच्या आधी मी वर्ध्याच्या कॉलेजच्या वाचनालयात बसलो होतो. तिथले ग्रंथपाल माझे जुने विद्यार्थी, मला परदेशी मासिकं पाहू देतात. ती इथे सहा-आठ महिने उशिरा येतात. एका अंकात लंबगोल दीर्घिकांच्या प्रकाशाबद्दल लेख होता. त्यांचा प्रकाश रंगपट्टात फोडून पाहिला तर तो गुच्छांच्या प्रकाशासारखा नाही, असं त्यात म्हटलं होतं. तारे जुनेच, पण घडण वेगळी. गुच्छातल्या ताऱ्यांत धातू अगदी थोडे, यांच्यात भरपूर, आणि म्हणून यांचा उजेड जास्त लाल. मी तो उतारा उभ्यानंच वाचला. खुर्ची मागे होती, पण बसायचं सुचलं नाही. तुझं बियाणं, चिंतामण. तू मला खांद्याला धरून जे दाखवलं होतंस तेच, मोठमोठ्या दुर्बिणी घेऊन बसलेल्या माणसांनी लिहिलेलं.

उतारा वहीच्या पानावर उतरवून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी नाचणगावला आलो. तू अंगणात खाटेवर होतास. रुईची धूळ जन्मभर छातीत गेलेली, दमा आता तुला आडवं होऊ देत नव्हता. उशा रचून बसला होतास. पान माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. मी हात खिशाकडे नेला, तेवढ्यात तूच बोललास.

"मास्तर, एक गोष्ट सांगाची राह्यली होती तुले. तू तेव्हा खरं बोलला, लय बरं झालं. दुसरा कोणी असता तं माह्या तोंडावर बोलला नसता. मी तसाच बसून राह्यलो असतो खुर्चीवर." इथे तुला दम लागला, तू थांबलास. "एखाद्याची पांढरीफेक गाडी पिवळी म्हणून भावात खाली उतरवली असती म्या. त्याची सालभराची मेहनत राह्यते त्यात. ते पाप नाई झालं माह्या हातून. तुह्यामुळं नाई झालं."

माझा हात खिशावरच राहिला. वहिनी चहा घेऊन आल्या. मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

मी स्वतःला समजावलं, की आता सांगितलं तर तुझं हे समाधानही जाईल. आजारी माणसाचं मन जपायला हवं. पंधरा दिवसांनी परत आलो, पान खिशात होतं, पावसाबद्दल बोललो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा तुझा आवाज नुसता श्वासाइतका उरला होता. तू मला जवळ बोलावलंस.

"त्या लहानीचं काय झालं रे?"

"आहे. तिथंच आहे."

"कोणी पाह्यलं काय तिले पुन्हा?"

पान खिशात होतं. घामानं मऊ पडलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

तू डोळे मिटलेस. "पाह्याले पाह्यजे कोणी तरी," म्हणालास. पाच दिवसांनी तुझा पुतण्या सायकलवर वर्ध्याला निरोप घेऊन आला.

पहिलं खोटं मी भीतीनं बोललो असं म्हणता येईल. या दुसऱ्याला काय म्हणू? तू विचारत होतास. मरायला टेकलेला माणूस नेमकं तेच विचारत होता, जे सांगायला मी तीनदा आलो होतो. खिशात हात घालून पान काढायचं होतं फक्त. तो हात का हलला नाही, हे मी रोज स्वतःला विचारतो.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी परत गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. खणातल्या कागदापासून शेवटच्या 'नाही'पर्यंत. त्या तुरीची डाळ निवडत होत्या. मी बोलत होतो तोवर त्यांचा हात सुपात चालू होता. मी थांबलो तसा तोही थांबला.

"तुमाले वाटलं, त्यायले वाईट वाटन," त्या म्हणाल्या.

"हो वहिनी. आजारी होता. त्याचं मन राखावं म्हणून..."

"त्यायले राग आला असता. तुमाले घरातून हाकललं असतं. मंग बोलावून आणलं असतं, अन् पोटभर जेवले असते. शेवटचे दोन महिने जेवले नोते ते नीट. काट्यावर बसल्यापासून घरात कोणती वस्तू आणली तं मले इचारायचे, हे पांढरं हाय ना वो? हे हिरवंच हाय ना? लुगड्याचा रंग बी मलेच इचारायचे." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तुमी त्यायचं मन नाई राखलं, भाऊजी. आपलं राखलं."

मी मान खाली घातली. हेही मला माहीत नव्हतं, चिंतामण. तू माझ्या एका वाक्यामुळे लुगड्याचा रंग विचारत होतास, हे.

"आता काय करू, सांगा."

"मी काय सांगू? जिनिंगात सांगा. रामभाऊले सांगा. सारे म्हणून राह्यले डोये गेल्ते."

काल गेलो. फाटकाशी रामभाऊ भेटला, त्याला सांगितलं. तो तोंडात तंबाखू धरून ऐकत होता. "असं काय?" म्हणाला. "बरं झालं सांगतलं, गुरुजी. पण आता काय फायदा?" आतून कुणीतरी त्याला हाक मारली, तो गेला. मी तुझ्या खोलीशी गेलो. तुझ्या जागेवरचा तरणा पारखी अदबीनं उठला, त्यानं मला खुर्ची दिली. त्यालाही सांगितलं. त्यानं विचारलं, "दीर्घिका म्हणजे काय?" मी सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. त्याच्या हातात गेल्या हंगामातल्या शिल्लक गाठींचा नमुना होता, बारा वाजायला आले होते, आणि त्याला तेवढ्यात तो पाहायचा होता.

तुझा सहीचा कागद खणातून काढून नागपूरच्या प्राध्यापकांना पाठवला आहे. सोबत लिहिलं, की हे निरीक्षण चिंतामणचं, त्यानं ते पुष्कळ आधी केलं होतं, मी दाबून ठेवलं आणि त्याच्याशी खोटं बोललो. ते निवृत्त झाले असं ऐकतो. पत्र पोचेल की नाही, कळत नाही.

आज सकाळी वहिनींनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "ते फोटो आना. ज्याच्यापायी एवढं झालं ते मले पाह्याचं हाय." एवढे रविवार त्यांनी आपल्याला भाकर वाढली, आणि आपण एकदाही त्यांना फोटो दाखवले नव्हते.

तुमच्या घराला उत्तरेची खिडकी नाही. मी ओसरीवर सावलीत पाट मांडला आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवले. पाच पट्ट्या काढल्या. हे ठिपके, ही लहानी, हा निळा, हा लाल. तू सरकवायचास तशी मी आर्वीची पट्टी कडेला टेकवली, मग नाचणगावची टेकवली. वहिनी गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. किती तरी वेळ पाहत होत्या. पदरानं डोळे पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.

"मले तं दोन्ही सारख्याच दिसून राह्यल्या, भाऊजी."

"मलाही, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं ते मी त्यांना सांगितलं. तू मला खांद्याला धरून उभं केलंस त्या दिवशीही मला दोन्ही सारख्याच दिसल्या होत्या. नंतरच्या सहाही रविवारी तेच. विज्ञान शिकलेला मी होतो, आणि दिसत होतं तुला. तुझा कागद खणात ठेवला तो प्राध्यापक हसतील म्हणून नव्हे.

वहिनींनी फोटो एकावर एक ठेवून माझ्या हातात दिले.

"एवढं तरी त्यायले सांगाचं होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यायनं दाखवलं असतं न."